बूट नेमका कुठला? एका इंग्रजी शब्दाचे अर्थ ओळखण्याची रीत

‘पुट द बॅग्ज इन द बूट.’ ‘ही गॉट द बूट लास्ट वीक.’ ‘माय लॅपटॉप वोन्ट बूट.’ ‘द रूम वॉज डर्टी, अँड एक्स्पेन्सिव्ह टू बूट.’ चार वाक्यं, चारही अगदी रोजच्या वापरातली, आणि पायात घालायचा बूट एकाही वाक्यात नाही. पहिल्यात गाडीची डिकी आहे, दुसऱ्यात नोकरी गेली आहे, तिसऱ्यात संगणक सुरू होत नाही आणि चौथ्यात ‘वर’ किंवा ‘शिवाय’ एवढाच अर्थ आहे.

शब्दकोश उघडला की या सगळ्या अर्थांची एक लांब यादी मिळते. पण त्यातला कुठला उचलायचा, हे शब्दकोश सांगत नाही. ते वाक्यातल्या शेजाऱ्यांकडून कळतं: आधी ‘द’ आहे का, शब्द एकवचनी आहे की अनेकवचनी, मागे ‘टू’ आहे की ‘इन’, पुढे ‘आउट’ आहे की ‘अप’. भाषांतर करणारे, सबटायटल लिहिणारे, परदेशातल्या नातेवाइकांशी किंवा साहेबांशी बोलणारे, सगळ्यांनाच ही रीत उपयोगी पडते.

आधी आपला मराठी बूट बाजूला ठेवा

सर्वात जास्त चुका इथेच होतात, आणि त्याला इंग्रजी जबाबदार नाही. मराठीत ‘बूट’ म्हणजे पाऊल झाकणारं, बहुधा लेसचं कुठलंही पादत्राण. शाळेचे काळे बूट, ऑफिसचे बूट, पळायचे बूट. इंग्रजीत या सगळ्यांना ‘शू’ म्हणतात. इंग्रजी ‘बूट’ घोट्यापर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. म्हणून ‘मी ऑफिसला बूट घालून जातो’ याचं ‘आय वेअर बूट्स टू ऑफिस’ केलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोलादी टोपणाचे कारखान्यातले बूट किंवा गुराख्याचे उंच बूट येतात. तिथे ‘शूज’च हवं.

हा फरक खरेदीतही महत्त्वाचा. कारखान्यासाठी माल मागवताना ‘सेफ्टी शू’ लिहिलं तर घोट्याखाली संपणारा जोडा येतो. ‘सेफ्टी बूट’ लिहिलं तर घोटा झाकणारा. वेल्डिंगच्या ठिणग्या किंवा सांडणारं रसायन जिथे आहे, तिथे एका शब्दाच्या चुकीने घोटा उघडा राहतो.

अपवाद एक लक्षात ठेवायचा: ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या जोड्यांना आजही ‘फुटबॉल बूट्स’च म्हणतात, ते घोट्याखाली संपत असले तरी. जुन्या काळी ते खरोखर घोट्यापर्यंत असत, नाव तेच राहिलं. अमेरिकेत त्यांनाच ‘क्लीट्स’ म्हणतात. म्हणून विश्वचषकात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळतो तो ‘गोल्डन बूट’. हा पुरस्कार १९८२ मध्ये ‘गोल्डन शू’ या नावाने सुरू झाला आणि २०१० पासून त्याचं नाव ‘गोल्डन बूट’ झालं. त्यामुळे जुन्या मजकुरात दोन नावं दिसली तर ते दोन वेगळे पुरस्कार समजू नका. युरोपातल्या लीगमधल्या गोलांसाठीचा ‘युरोपियन गोल्डन शू’ मात्र खरोखर वेगळा.

मराठीतही ‘बूट’ला एक असा अर्थ आहे, ज्यात पायाचा संबंधच नाही. ‘दिवाळीत कोकणात जायचा बूट निघाला’, ‘हा बूट कोणी काढला?’ म्हणजे टूम, बेत, सूचना. मराठीतून इंग्रजीत जाताना हे वाक्य यंत्राकडे दिलं की पायातला जोडा काढल्याचं भाषांतर हातात पडण्याची शक्यता दाट. तिथे ‘हू केम अप विथ दिस आयडिया’ असं सरळ लिहावं. म्हणजे आपण इंग्रजांना हसण्याआधी आपल्या घरात डोकावलेलं बरं.

लेखनातली एक बारीक गोष्ट इथेच: पायातला मराठी बूट विभक्तीत ऱ्हस्व होतो, ‘बुटाची लेस’, ‘बुटांना पॉलिश’. संगणकाचा ‘बूट’ क्रियापदासारखा वापरतात, म्हणून तो तसाच राहतो: ‘बूट होताना’, ‘बूट करून’. ‘संगणक बुटताना’ असं कोणी लिहू नये.

पहिली पायरी: शेजारी तपासा

वाक्य समोर आलं की अर्थाच्या मागे लागण्याआधी चार प्रश्न विचारायचे.

एक: ‘बूट’ नाम आहे की क्रियापद? क्रियापद असेल तर त्याचं कर्म बघा. चेंडू असेल तर जोरात लाथ मारणं. संगणक, फोन, सर्व्हर असेल तर सुरू करणं. माणूस असेल आणि पुढे ‘आउट’ येत असेल, तर हाकलणं. गाडी असेल तर जरा थांबा. अमेरिकेत ‘दे बूटेड माय कार’ म्हणजे पोलिसांनी चाकाला जॅमर लावला.

दोन: नाम असेल तर ‘द बूट’ असं एकवचन आहे का? मग मागचं क्रियापद किंवा शब्दयोगी निकाल देतं. ‘गेट’, ‘गिव्ह’ असेल तर नोकरी किंवा संघातली जागा गेली. ‘इन’, ‘ओपन’, ‘शट’ असेल तर डिकी. ‘पुट द बूट इन’ आणि ‘पुट इट इन द बूट’ यांत शब्द तेच, क्रम वेगळा, आणि अर्थ दोन टोकांना: पहिल्यात पडलेल्या माणसाला लाथ, दुसऱ्यात सामान डिकीत.

तीन: ‘बूट्स’ अनेकवचनी आहे आणि आधी ‘हिज’, ‘युअर’, ‘माय’ आहे का? वाक्यात चिखल, दुकान, पॉलिश असं काही नसेल, तर बहुतेक वेळा वाक्प्रचार आहे. शब्दशः भाषांतर थांबवा.

चार: आधी ‘टू’ आहे का? असेल तर एक सोपी परीक्षा. ‘टू बूट’ हे दोन शब्द झाकून वाक्य पुन्हा वाचा. वाक्य पूर्ण राहिलं तर तो ‘शिवाय’वाला ‘टू बूट’. मोडलं तर साधं क्रियापद. ‘शी इज क्लेव्हर, अँड फनी टू बूट’ झाकूनही उभं राहतं. ‘इट टेक्स टू मिनिट्स टू बूट’ मोडतं. दोन मिनिटं कशाला लागतात तेच कळत नाही.

‘टू बूट’: हा मुळात दुसराच शब्द

पायातला ‘बूट’ इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. आजच्या फ्रेंचमध्ये तो ‘बॉत’ असा आहे. ‘टू बूट’मधला ‘बूट’ मात्र त्याहून जुन्या, अस्सल इंग्रजी घरातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ उपाय, भरपाई, फायदा. ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ हे त्याचे नातेवाईक. अँग्लो-सॅक्सन कायद्यात कोणाला इजा केली तर द्यावी लागणारी भरपाई म्हणजे हाच शब्द. आज दोघांचं स्पेलिंग आणि उच्चार एक झाल्याने ते जुळे भाऊ वाटतात, नातं मात्र काही नाही.

म्हणून जुन्या इंग्रजीतलं ‘बूटलेस’ हे विशेषण वाचून अनवाणी माणूस डोळ्यांपुढे आणू नका. ते ‘फायदा’वाल्या शब्दापासून आलंय, अर्थ ‘व्यर्थ, निष्फळ’. ‘बूटलेस एरंड’ म्हणजे फुकटची खेप. ‘बूटी’, म्हणजे लूट, हा तिसराच शब्द. त्याला या दोघांत ओढू नये.

‘टू बूट’ला मराठीत फार शोधाशोध करावी लागत नाही, कारण आपला ‘वर’ नेमका तेच काम करतो. ‘जुनी भांडी मोडीत दिली आणि वर दोनशे रुपये मोजले’ यातला ‘वर’ आणि इंग्रजीतला ‘टू बूट’ एकाच बाजारातून आले आहेत: अदलाबदलीत वरून द्यायची भर. ‘खोली घाणेरडी, वर महागही.’ ‘मुलगी हुशार, शिवाय विनोदी.’ दोन वाईट गोष्टी असतील तर ‘त्यात भरीस भर’ चालतं. चांगल्या गोष्टींना ते लावू नये, कारण त्यात कुरकुर आहे.

हाच जुना अर्थ अमेरिकेच्या करकायद्यात जिवंत आहे, आणि तिथे भाड्याने द्यायला घरं घेतलेल्या मराठी माणसाला तो पैशांत जाणवतो. एक गुंतवणुकीची मालमत्ता देऊन तशीच दुसरी घेतली तर कलम १०३१ खाली नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. पण अदलाबदलीत वरून रोख रक्कम हातात आली, किंवा आपल्या डोक्यावरचं कर्ज कमी झालं आणि त्याची भरपाई आपण वेगळे पैसे घालून केली नाही, तर त्या वरच्या भागाला ‘बूट’ म्हणतात आणि तेवढ्यापुरता नफा त्याच वर्षी करपात्र होतो. समजा पाच लाख डॉलरची मालमत्ता दिली, साडेचार लाखांची घेतली आणि पन्नास हजार रोख मिळाले. ते पन्नास हजार म्हणजे बूट. अकाउंटंटच्या ईमेलमध्ये ‘यू रिसीव्ह्ड बूट’ वाचून कोणी पार्सलची वाट बघू नये.

गाडीभोवतीचे तीन बूट

घोडागाडीच्या काळात गाडीवानाच्या बैठकीखाली आणि गाडीच्या मागे सामानाची पेटी असे, तिला ‘बूट’ म्हणत. मोटार आली, घोडे गेले, नाव ब्रिटनमध्ये राहिलं. अमेरिकेने त्या जागी ‘ट्रंक’ धरला, कारण मागे खरोखर ट्रंक बांधत. भारतात तिसराच शब्द रुजला: डिकी. तोही ब्रिटिशच, जुन्या मोटारींना मागे उघडणारी जादा बैठक असे, तिला ‘डिकी सीट’ म्हणत. आता लंडनमध्ये टॅक्सीवाल्याला ‘ओपन द डिकी’ म्हटलं तर तो गोंधळतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये ‘बूट’, अमेरिका आणि कॅनडात ‘ट्रंक’, एवढं पाठ असलं की काम भागतं. मराठी अनुवादात मात्र नेहमी ‘डिकी’ लिहावं. ‘बुटात प्रेत सापडलं’ असं सबटायटल आलं की रहस्यपटाचा विनोदी पट होतो.

‘कार बूट सेल’ हा ब्रिटिश शनिवार-रविवारचा बाजार. शेतात किंवा मैदानात गाड्या लावायच्या, डिकी उघडायची आणि घरातल्या जुन्या वस्तू तिथूनच विकायच्या. तिथे गाड्या विकत नाहीत आणि बूटही मुद्दाम विकत नाहीत. ‘जुना बाजार’ हा आपला शब्द त्याला पुष्कळसा जवळ जातो.

दुसरा बूट चाकावरचा. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात फ्रँक मरग या गृहस्थाने चाकाला अडकवायचं कुलूप बनवलं. हे गृहस्थ तिथल्या सिम्फनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. १९५५ मध्ये डेन्व्हर पोलिसांनी ते वापरायला सुरुवात केली आणि ‘डेन्व्हर बूट’ हे नाव पडलं. ब्रिटनमध्ये त्यालाच ‘क्लॅम्प’, आपल्याकडे ‘जॅमर’. त्यामुळे ‘देअर वॉज अ बूट ऑन माय कार’ वाचलं की देश बघायचा. अमेरिका असेल तर ‘जॅमर लावला होता’.

तिसरा बूट गॅरेजमधला, आणि त्याला आपले मेकॅनिकही बूटच म्हणतात: सांध्यावर बसवलेलं रबरी, घड्याघड्यांचं आवरण. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीत अॅक्सलच्या टोकांना असे बूट असतात. आत ग्रीस असतं. रबर वयाने किंवा खडीने फाटलं की ग्रीस फेकलं जातं, धूळ-पाणी आत शिरतं आणि सांधा झिजू लागतो. पूर्ण वळण घेताना चाकाकडून टक-टक आवाज आला, चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर हाच संशय घ्यायचा. फाटल्याबरोबर पकडलं तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज सुरू झाल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो. माहितीपुस्तिकेच्या भाषांतरात इथे ‘रबरी बूट’ किंवा ‘रबरी आवरण’ लिहावं. ‘डिकी’ लिहिलं तर मालक मागे शोधत बसेल.

संगणकाचा बूट आणि बुटाची पट्टी

उंच बूट चढवताना पकडायला वरच्या काठाला एक पट्टी शिवलेली असते, ती ‘बूटस्ट्रॅप’. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला हवेत उचलणं, ही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अशक्य कामाची थट्टा होती. पुढे अर्थ उलटला आणि ‘कोणाच्या मदतीवाचून वर येणं’ असं कौतुक त्यात आलं. आज दोन्ही छटा चालू आहेत. उद्योजकाच्या मुलाखतीत कौतुक असतं: ‘स्वतःच्या हिमतीवर वर आला.’ गरिबांना मदत द्यावी की नाही अशा वादात तोच वाक्प्रचार उपरोधानं येतो. तिथे ‘हिमतीवर’ लिहिलं तर लेखकाचा डंख हरवतो.

१९५० च्या दशकात संगणकवाल्यांनी हाच शब्द उचलला, कारण त्यांच्यापुढे तोच पेच होता. स्मृतीत प्रोग्रॅम भरायला प्रोग्रॅम लागतो, आणि यंत्र चालू झालं तेव्हा स्मृती रिकामी. मग एक अगदी लहान प्रोग्रॅम आधी भरायचा, त्याने मोठा आणायचा. ‘बूटस्ट्रॅप’चं लघुरूप ‘बूट’. आजही क्रम तोच: बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम जागा होतो, मेमरी आणि जोडलेली उपकरणं तपासतो, ठरलेल्या क्रमाने डिस्क शोधतो, तिथला बूटलोडर उचलतो आणि तो विंडोज किंवा लिनक्सचा गाभा आणतो.

म्हणून ‘नो बूटेबल डिव्हाइस’ या संदेशाचा अर्थ ‘संगणक बिघडला’ असा नाही. अर्थ एवढाच: ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती सापडली नाही, किंवा सापडली पण तिच्यावर सुरू करणारा भाग नाही. आधी लावलेला पेनड्राइव्ह काढून पाहा. मग मदरबोर्डच्या सेटअपमध्ये (बायोसमध्ये) जाऊन डिस्क दिसते का आणि क्रमात पहिली आहे का, ते बघा. दिसतच नसेल तर केबल किंवा डिस्क.

दोन गोंधळ इथे महागात पडतात. ‘रिबूट’ म्हणजे बंद करून पुन्हा सुरू करणं. जतन केलेल्या फाइलींना धक्का लागत नाही. ‘फॅक्टरी रीसेट’ म्हणजे सगळं पुसून कारखान्यातून आल्यासारखं करणं. फोनवर आईवडिलांना मदत करताना हे दोन शब्द अदलाबदल केले की नातवंडांचे फोटो जातात. दुसरा: विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ने गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. ‘रीस्टार्ट’ने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून तंत्रज्ञ ‘रिबूट करा’ म्हणाला तर बंद करून चालू करू नका, ‘रीस्टार्ट’ दाबा.

बाकी ‘बूटस्ट्रॅप’ दोन ठिकाणी भेटतो. स्टार्टअपच्या जगात तो बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता उभ्या केलेल्या कंपनीला लावतात. शेअर दलालीतली झिरोधा हे आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण. मराठीत ‘स्वतःच्या भांडवलावर’. संख्याशास्त्रात ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत याच नावाची: हातातल्याच नमुन्यातून, उचललेला आकडा परत ठेवत, पुन्हा पुन्हा नमुने काढायचे आणि अंदाज किती हलतो ते पाहायचं. तिथे नाव तसंच ठेवावं.

हाकलणं, लाथ आणि माज

‘गेट द बूट’ला मराठीत एकच शब्द ठरवून टाकणं चुकीचं. बातमी क्रिकेट संघाची असेल तर ‘डच्चू मिळाला’. कंपनीने माणसाला घरी बसवलं तर बोलीत ‘नारळ दिला’. पक्षातून काढलं तर ‘हकालपट्टी’. ‘बडतर्फ’ मात्र जपून: त्यात चौकशी, ठपका आणि कायदेशीर कारवाई येते, आणि ‘गेट द बूट’ दोष कोणाचा ते सांगतच नाही. हा वाक्प्रचार अनौपचारिक आहे. राजीनामापत्रात किंवा न्यायालयीन कागदात तो येत नाही, तसा ‘नारळ’ही येऊ नये. ब्रिटिश लेखनात ‘द ऑर्डर ऑफ द बूट’ दिसलं तर सन्मान समजू नका. ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ हा खरा किताब. त्याची नक्कल करून नोकरी गेल्याला दिलेलं हे थट्टेचं नाव.

‘पुट द बूट इन’मध्ये क्रौर्य आहे: माणूस आधीच खाली पडलाय आणि त्याला लाथ घातली. शब्दांनी असेल तर ‘जखमेवर मीठ चोळलं’ चालतं. हाणामारीत ‘पडलेल्याला लाथा घातल्या’ असंच लिहा.

‘टू बिग फॉर हिज बूट्स’ म्हणजे शेफारलेला, डोक्यात हवा गेलेला. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढला’ म्हणू नये. तिथे दुसऱ्याने स्तुती करून चढवलेलं असतं. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण पादत्राणाची असल्याने हात तिकडे जातो. ती वापरू नका. इंग्रजी वाक्प्रचार एका माणसाच्या माजाबद्दल आहे. आपली म्हण खालच्या समजलेल्याने खालीच राहावं असं सांगते, आणि तिच्या मागे उच्चनीचतेचा मोठा इतिहास आहे. मूळ लेखकाने न म्हटलेलं आपण त्याच्या तोंडी घालतो.

‘द बूट इज ऑन द अदर फुट’ म्हणजे कालपर्यंत ज्याच्या हाती सत्ता होती तो आज दुसऱ्याच्या हातात आहे. ‘कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा’ अर्थाने जवळ, पण ती दैवाच्या फेऱ्याची शांत म्हण. इंग्रजीत दोघांमधला हिशोब आहे. ‘आता पारडं फिरलं’ हे जास्त नेमकं. अमेरिकन हेच ‘शू’ घालून म्हणतात.

पण सगळीकडे ‘शू’ आणि ‘बूट’ बदलता येत नाहीत. ‘फिल युअर बूट्स’ म्हणजे हवं तेवढं घ्या, मनसोक्त हाणा. जेवणाच्या टेबलावर ब्रिटिश यजमान हे म्हणतो. ‘फिल हिज शूज’ म्हणजे त्याची जागा घेणं, त्याच्या तोडीचं काम करणं.  ‘इन युअर शूज’, म्हणजे ‘तुझ्या जागी असतो तर’, यातही सहसा ‘शूज’च येतं. आणि ‘व्हेअर द शू पिंचेस’, म्हणजे नेमकं कुठे दुखतंय: इंग्रजाचा जोडा चिमटा काढतो, आपला चावतो. ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ इथे बसतं.

‘टफ अॅज ओल्ड बूट्स’ माणसाला लावलं तर ‘काटक, चिवट’. मटणाला लावलं तर ‘वातड’. नुसतं ‘ओल्ड बूट’ बाईला उद्देशून आलं तर ती शिवी आहे, दोन्ही शब्द निरुपद्रवी दिसले तरी.

भीतीच्या वाक्प्रचारांत मराठी आधीच पायांत उतरलेली आहे. ‘शेकिंग इन हिज बूट्स’: पाय लटपटत होते. ‘हिज हार्ट सँक इन्टू हिज बूट्स’: अवसान गळालं. इथे ‘काळजात धस्स झालं’ नको, ते क्षणाचं असतं. हे खचणं आहे. ‘लिक बूट्स’ला तळवे चाटणं आहे, सभ्य भाषेत लांगूलचालन, इंग्रजाने बूट घेतला, संस्कृताने शेपूट.

‘डाय विथ युअर बूट्स ऑन’ म्हणजे रणात किंवा कामात असताना मरण येणं. सैनिकाला ‘धारातीर्थी पडला’. डॉक्टर किंवा नट असेल तर ‘शेवटपर्यंत काम करत गेला’. तिथे धारातीर्थ आणलं की हसू येतं. ‘हँग अप हिज बूट्स’ खेळाडूची निवृत्ती. ‘बूट्स ऑन द ग्राउंड’ म्हणजे विमानांनी नव्हे, प्रत्यक्ष पायदळ उतरवून. निवडणुकीच्या बातमीत तेच ‘मैदानातले कार्यकर्ते’ होतात.

नावांत लपलेले बूट

‘आय अॅम पॉपिंग टू बूट्स’ हे ब्रिटनमध्ये ऐकलं तर बोलणारा औषधं, शॅम्पू किंवा सँडविच आणायला निघालाय. जॉन बूट यांनी १८४९ मध्ये नॉटिंगहॅमला सुरू केलेल्या दुकानाची आज देशभर शाखा असलेली ही साखळी. मोठं अक्षर आणि ‘द’चा अभाव, या दोन खुणा. जुन्या कादंबऱ्यांत याउलट ‘द बूट्स’ हा एक माणूस असतो: सराईमध्ये उतरलेल्या पाहुण्यांचे बूट पुसणारा नोकर. क्रियापद एकवचनी दिसलं की तो माणूस.

‘वेलिंग्टन बूट’ किंवा ‘वेली’ म्हणजे आपला गमबूट. नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. हाच आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला. तेव्हा तो ड्यूक नव्हता आणि ते बूटही नव्हते. पुढे त्याने लंडनच्या हॉबी या चांभाराकडून गोंडेवाल्या हेसियन बुटाचा साधा, सुटसुटीत प्रकार करून घेतला. तो कातडी होता; रबर १८५० च्या दशकात आलं. म्हणून १८१५ च्या वॉटर्लूवरच्या मजकुरात ‘वेलिंग्टन बूट’चं ‘गमबूट’ करू नये.

‘बूटलेग’ म्हणजे बुटाच्या नळीत लपवलेला माल, विशेषतः दारू. १९२० ते १९३३ या अमेरिकेच्या दारूबंदीत शब्द घरोघरी पोचला. ‘हातभट्टी’ प्रत्येक वेळी चालत नाही, कारण ती फक्त गाळण्याबद्दल बोलते. बूटलेगर बऱ्याचदा चांगली दारू चोरून आणणारा आणि विकणारा असतो. ‘चोरटी दारू’ दोन्हीला पुरतं. संगीतात ‘बूटलेग’ म्हणजे कलाकाराच्या परवानगीवाचून मैफलीत केलेलं किंवा बाहेर आलेलं ध्वनिमुद्रण, तर विकत मिळणाऱ्या आल्बमची चोरटी नक्कल म्हणजे ‘पायरसी’. ‘बूटकट’ जीन्सचा याच्याशी संबंध नाही; खाली थोडी रुंद, बुटावर बसावी म्हणून.

उलटं वाचून पाहा

भाषांतर झालं की मूळ झाका, आपलं मराठी वाक्य कोणाला तरी वाचून दाखवा आणि काय घडलं ते विचारा. सामान कुठे आहे, नोकरी गेली की माणूस गेला, फाइली शाबूत आहेत का? उत्तर मुळाशी जुळलं नाही तर शेजारी पुन्हा तपासा.

सरावाला एक वाक्य: ‘दे बूटेड हिम आउट, बूटेड हिज कार, अँड केप्ट हिज लॅपटॉप टू बूट.’ क्रियापद आणि ‘आउट’: हाकललं. क्रियापद, कर्म गाडी, म्हणजे अमेरिका: जॅमर. शेवटच्या ‘टू बूट’ला झाकून पाहा, वाक्य शाबूत राहतं, म्हणजे लॅपटॉप सुरू करण्याचा प्रश्नच नाही: ‘त्याला हाकललं, गाडीला जॅमर लावला, वर लॅपटॉपही ठेवून घेतला.’